करपलेल्या भाकरीची साक्ष

समोरचा माणूस खोटं बोलायला लागला, की खिल्लारे सर चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेत. काचा स्वच्छ असल्या तरी पुसत, अगदी सावकाश, आणि बोलणाऱ्याचं बोलणं संपेपर्यंत तो पुन्हा डोळ्यांवर चढवत नसत. त्या जाड भिंगांवाचून त्यांना हाताच्या अंतरावरचा चेहराही धूसर दिसे. या सवयीचं कारण मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "बाई, खोटं बोलताना माणूस लई केविलवाणा दिसतो. तेवढ्या वेळापुरतं त्याच्याकडं पाहू नये."

शाळेतली मुलं मात्र त्या चष्म्याला चळचळा कापत. गृहपाठ का झाला नाही याची कारणं सांगता सांगता सरांचा हात कानाकडे गेलेला दिसला, की पोरगं वाक्य अर्धवट सोडून खरं बोलू लागे.

हिंगोलीच्या त्या हायस्कुलात ते इतिहास शिकवत आणि मी मराठी. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. गावाला तेव्हा ऋतूंप्रमाणे वास असत. दिवाळीनंतर जिनिंगच्या आवारातून सरकीचा तेलकट, उबदार वास यायचा आणि हवेत तरंगणारा कापूस शाळेच्या खिडक्यांच्या जाळ्यांना लटकून राहायचा. उन्हाळ्यात कयाधू नदीचं पात्र वाळलं, की काठच्या बाभळींतून हातभट्टीचा आंबूस वास उठायचा. या दुसऱ्या वासाला एक धनी होता. सगळं गाव त्याला 'मालक' म्हणे. भट्ट्या त्याच्या, मटक्याचे अड्डे त्याचे, मोंढ्यातल्या हमालांवर धाक त्याचा. आणि नगरपालिकेत कुणी निवडून यायचं हेही त्याच्याच ओट्यावर ठरतं, असं लोक हलक्या आवाजात बोलत. नगराध्यक्षांची जीप त्या ओट्यासमोर उभी असलेली अनेकांनी पाहिली होती. पाहिलेलं सांगायला मात्र कुणी पुढं येत नसे.

खिल्लारे सरांचं एक चार पानी साप्ताहिक होतं. दर बुधवारी ते निघे. पायानं चालवायच्या छापयंत्रावर गावातला एक छापखानेवाला ते छापून देई आणि मी शुद्धलेखन तपासून देई. त्यामुळे बुधवारी सकाळी सरांच्या ओट्यावर मी असेच. ओल्या शाईचा आणि रॉकेलचा वास, निंबाच्या सावलीत पसरलेले अंक, आणि गूळ घातलेला काळा चहा. सर अंकांच्या घड्या घालत. त्यांच्या बोटांच्या पेरांत शाई इतकी मुरलेली होती, की फळ्यावर खडूनं लिहितानाही तो पांढरा हात काळाच वाटे.

वर्गात ते सनावळ्यांवर फारसे रेंगाळत नसत. बखरीतला उतारा वाचून ते मुलांना विचारत, "हे कुणी लिहिलं? कुणाच्या पदरी राहून लिहिलं? अन् त्या दिवशी तो तिथं होता का?" हे प्रश्न मुलांना पाढ्यांसारखे पाठ झाले होते. चौथा प्रश्न खास त्यांचा. "अन् त्या दिवशी तो जेवला काय होता?" मुलं हसत. सर हसत नसत. रचून सांगणारा माणूस लढाईचं वर्णन करतो, हुकूम कुणी दिला ते सांगतो, पण त्या दिवशीची भूक त्याला रचता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. परीक्षेच्या पेपरावर त्यांचा ठरलेला शेरा असे, 'बराबर आहे, पण पुरं नाही.' पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्यालाही तो चुकला नव्हता.

त्यांच्या या सावधपणामागं काय होतं, ते मला उशिरा कळलं. ते मूळचे हट्ट्याचे. निजामाच्या काळात त्यांच्या वडलांवर गावातल्या एका वजनदार माणसानं बैल चोरल्याचा आळ घेतला होता. साक्षीदार एकच, तोही त्या माणसाच्याच घरचा गडी. वडलांना चावडीसमोर बांधून मारलं. पुढं तो बैल भटकत आपण होऊन परत आला, तेव्हा कुणी काही बोललं नाही. "बैलाला सगळ्यांनी चारा टाकला," सर सांगत, "बापाला कुणी विचारलं न्हाई." म्हणून एका तोंडावर विसंबून कुणालाही चोर छापायचं नाही, हा त्यांच्या साप्ताहिकाचा नियम होता. तो माणूस अध्यक्ष असो, की मालक.

मग तो मोठा दुष्काळ पडला. आमच्या भागात दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या माणसांच्या रांगा लागल्या आणि त्यांना वाटायला तांबडं मिलो, अमेरिकेतली ज्वारी, आलं. रेल्वे स्टेशनाच्या पलीकडं एका जुन्या कोठारात ते ठेवलेलं असे. हिवाळ्यात एका रात्री ते कोठार जळालं. दुसऱ्या दिवशी धान्याची तपासणी व्हायची होती. आत चौकीदार सखारामचा मृतदेह मिळाला. सरकारी कागदावर असं आलं, की सखाराम धान्य चोरून विकत होता, तपासणीच्या भीतीनं त्यानंच आग लावली आणि दारूच्या नशेत स्वतःच तिच्यात सापडला. कित्येक दिवस गावावर करपलेल्या धान्याचा जड, गोडसर वास तरंगत होता. उपाशी गावावर भाजलेल्या धान्याचा वास. तो माझ्या नाकातून अजून गेलेला नाही.

सखारामची बायको शेवंताबाई जिनिंगमध्ये सरकी वेचायला जायची. नवऱ्यावरच्या आळामुळे तिला कसलीही भरपाई मिळाली नाही आणि मुलीची ठरलेली सोयरीक मोडली. एका बुधवारी ती सरांच्या ओट्याच्या पायरीशी येऊन बसली आणि म्हणाली, "गुरुजी, त्यो दारूला शिवत नव्हता. एवढं एकडाव छापा. चोर नव्हता म्हनून छापा."

सर म्हणाले, "माय, मला एक तरी पाहणारा माणूस भेटू दे."

तेव्हापासून ती बुधवार चुकवत नसे. तिला वाचता येत नव्हतं. ताजा अंक हातात घेई, नाकाशी नेई, आणि विचारी, "ह्या खेपंला हाय का माज्या मानसाचं?" सर मान खाली घालून म्हणत, "न्हाई माय, अजून न्हाई." मग ती अंक जसाच्या तसा घडी घालून परत ठेवी. तिच्या केसांत कापसाचे पुंजके अडकलेले असत आणि उठून जाताना तिच्या अंगाचा सरकीचा वास क्षणभर पायरीवर रेंगाळे.

वर्षं गेली. आणीबाणी आली आणि उठली. त्याच सुमाराला मालक काविळीनं गेला आणि त्याची टोळी पांगली. ज्यांच्याकडं वर मान करून पाहायची कुणाची छाती नव्हती, ती माणसं आता चहाच्या टपरीवर उधारीनं बसू लागली. त्यांच्याजवळ विकण्यासारखं एकच उरलं होतं, आठवणी. सरांच्या ओट्यावर ती येऊ लागली. प्रत्येकाला काहीतरी सांगायचं होतं आणि प्रत्येकाच्या सांगण्यात नगरपालिका बुडापासून शेंड्यापर्यंत सडलेली होती.

पहिला आला रंगा पहिलवान. अध्यक्ष त्याला विचारल्याशिवाय पाणी पीत नव्हते, मालकाच्या डाव्या हाताला तो आणि उजव्या हाताला पिस्तूल असे, निवडणुकीच्या पेट्या त्यानं एकट्यानं खांद्यावरून पळवल्या, असं बरंच काही तो मिशीवरून हात फिरवत सांगत होता. सरांनी त्याला दोनदा चहा पाजला आणि म्हणाले, "बराबर आहे, पहिलवान, पण पुरं न्हाई. उद्या घरी येतो. तिथं सांग."

ही सरांची खास पद्धत. टोळीतल्या माणसाचं म्हणणं ते त्याच्या घरात, त्याच्या बायकोसमोर किंवा आईसमोर पुन्हा ऐकत. पुरुषांत बसलेला पुरुष कितीही फुगेल. पण कोणत्या रात्री तो घरी होता आणि कोणत्या रात्री नव्हता, हे जिला ठाऊक आहे तिच्यासमोर त्याची जीभ आपोआप ताळ्यावर येते, असा त्यांचा हिशेब होता. घरातल्या बाया परक्या पुरुषासमोर मोकळं बोलत नाहीत, म्हणून ते मला बरोबर नेत.

रंगा पहिलवानाची बायको ज्वारी निवडत बसली होती. नवऱ्याचं पुराण तिनं पिस्तुलापर्यंत ऐकून घेतलं. मग सुपातला खडा बाजूला टाकत मला म्हणाली, "बाई, ह्यो मालकाच्या वाड्यावर चहा वाटत व्हता. दसऱ्याच्या जत्रंत बैल उधळला तर माझ्या मागं लपला. पेट्या काय पळिवतो."

"तू गप," रंगा म्हणाला.

"मी गपच व्हते. मास्तरच इचारून राहिले."

सरांचा चष्मा तर केव्हाच उतरला होता. परतताना ते रस्ताभर हसत होते. मी त्यांना इतकं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. आणखी एकानं जकात नाक्यावरून मालकाच्या गाड्या न तपासता कशा सोडल्या जात, ते सांगितलं. त्याच्या बायकोनं त्याला दुजोरा दिला, वर नवऱ्याला ठाऊक नव्हत्या अशा दोन गोष्टी तिनं सांगितल्या. सरांनी तेवढंच छापलं. खळबळ माजली, नाक्यावरची माणसं बदलली आणि सरांचा आपल्या पद्धतीवरचा विश्वास पक्का झाला. माझाही झाला होता.

मग किसन आला.

किसन मालकाच्या ट्रकवर होता. तिशीच्या आतबाहेरचा, उंच, खांद्यात वाकलेला. तो ओट्यावर बसला नाही. पायरीवर, शेवंताबाई बसायची तिथंच बसला. चहा घेतला नाही. त्यानं मिशीला हात लावला नाही, की आवाज चढवला नाही. तो म्हणाला, की तपासणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी जिनिंगच्या आवारात अध्यक्षांची जीप आली. तो मालकाच्या मागं उभा होता. सकाळी तिथं पोती मोजण्यासारखं काही उरायला नको, असं अध्यक्ष मालकाला म्हणाले. निम्म्याहून जास्त धान्य तोवर बाहेर गेलेलं होतं आणि ते नेणाऱ्या गाडीवर किसनच होता.

सरांनी विचारलं, "त्या दिवशी जेवला काय होतास?"

"मिलोची भाकर अन् ठेचा," किसन म्हणाला. "त्याच कोठारातलं मिलो, सर."

सरांचा हात चष्म्याकडं गेला नाही.

"मालक म्हनला, आत कुनी न्हाई. चौकीदार घरी गेला. मी भाईरून कडी लावली, कडीत खिळा घातला. वाऱ्यानं दार उघडू नये म्हनून. मंग पेटिवलं." तो थांबला. निंबावर एक होला घुमत होता, तेवढाच आवाज. "थंडी लई व्हती. त्यो आतच निजला असंल. मंग आतून दार वाजलं, सर. आमी पळालो. अजून वाजून राहिलंय."

त्याला फाशी झाली तरी चालणार होती. सखाराम चोर नव्हता एवढं गावाला कळावं, इतकंच तो मागत होता. शेवंताबाईचा शोध इथं संपत होता, आणि अध्यक्षांवर खुनाचा आरोप इथं सुरू होत होता. दोन्ही एकाच माणसाच्या एका तोंडावर. अखेर सर म्हणाले, "बराबर आहे. पण पुरं न्हाई. रविवारी घरी येतो."

किसनचं घर मोंढ्याच्या मागं होतं, एक खोली आणि पुढं पत्र्याचं छप्पर. त्याची आई गयाबाई छपराखाली चुलीशी भाकरी थापत होती. बारीक, काटक बाई. हाताला इतका सराव, की बोलता बोलताही तिची भाकरी चंद्रासारखी गोल उतरायची. सर पोत्यावर बसले, मी चुलीजवळ. किसननं सगळं पुन्हा सांगितलं, शब्द थोडे वेगळे, पण तेच. आई भाकरी थापत राहिली. कडीच्या खिळ्यापर्यंत तो आला, तेव्हा तिनं वर पाहिलं.

"कोन्त्या रातीचं बोलून राहिला ह्यो?" ती म्हणाली. "कोठार जळालं त्या राती तर ताप आला व्हता याला. माझ्या मांडीवर डोस्कं ठिऊन पडला व्हता. मी रातभर पान्याची पट्टी ठिवली."

"आई, खरं बोल," किसन म्हणाला.

"खरंच बोलून राहिले. दारूनं फिरलंय, मास्तर, ह्याचं डोस्कं. जे घडलं न्हाई ते दिसतंय त्याला."

त्या वेळी मला वास आला. तव्यावरची भाकरी करपत होती. एका बाजूनं काळी पडली, धूर निघाला, तरी गयाबाईचा हात तव्याकडं गेला नाही. तिची नजर सरांवर खिळलेली होती, नुसती सरांवर.

सरांनी तिच्याकडं पाहिलं. मग किसनकडं. आणि मग त्यांचा हात सावकाश कानाकडं गेला.

गावात त्या चष्म्याचा अर्थ ठाऊक नाही असा माणूस नव्हता. किसननं तो हात पाहिला. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते सरांना दिसलं नाही; मला दिसलं. ओठांवर हसण्याची सुरुवात झाली आणि तिथंच विझली. "खरं सांगायलाबी आईची परवानगी लागती का, सर?" एवढं म्हणून तो छपराबाहेर निघून गेला.

परतीच्या वाटेवर मी सरांना भाकरीबद्दल सांगितलं. उन्हं चढली होती आणि सरांची काळी छत्री आम्हा दोघांना पुरत नव्हती. ते म्हणाले, "बाई, ते तुमच्या कवितेत चालंल. माझ्या पानावर करपलेल्या भाकरीचा पुरावा कसा छापू?" मग थोड्या अंतरानं, जणू स्वतःशीच, "घरचं माणूस कशाला खोटं बोलंल?" म्हणाले. त्या प्रश्नाला उत्तर असतं, हे त्या उन्हात दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

बुधवारी शेवंताबाईनं अंक नाकाशी धरला आणि विचारलं. सर म्हणाले, "एक जण आला व्हता माय. पण त्याचं खरं निघालं न्हाई."

"कोन व्हता?" तिनं विचारलं.

सरांनी नाव सांगितलं नाही. तिनं अंकाची घडी घातली. त्यानंतर दोनतीन बुधवारच ती आली. मग कळलं, की मुलीला घेऊन ती सिद्धेश्वरला भावाकडं गेली, धरणावर. भाऊ मासेमारी करायचा.

ती गेल्यावर किसन तेच टपरीवर सांगत सुटला आणि सगळ्या गावाला खोटारडा म्हणून ठाऊक झाला. खोटारडा ठरवलेल्याला गाव काय काय करायला लावतं, ते मी तेव्हा पाहिलं. पोरं त्याला 'किसन्या, दार वाजलं का रे?' म्हणून हाका मारायची. त्यानं आपल्याच जुन्या मालकाच्या हातभट्टीत स्वतःला बुडवून घेतलं. पुढच्या मे महिन्यात तो गेला. स्टेशनाजवळ, त्या जळक्या कोठाराच्या भिंतीच्या सावलीत पडलेला सापडला.

तेराव्यानंतर गयाबाई शाळेत आली. मधली सुट्टी होती. व्हरांड्यात मुलांचा गलका होता, डबे उघडलेले होते, लोणच्याचा वास पसरला होता. ती शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी उभी राहिली आणि पदर सावरून म्हणाली, "मास्तर, त्या राती माजं लेकरू घरी नव्हतं."

सर उठून उभे राहिले.

"पहाटं आला. अंगाला जळल्या धान्याचा वास. मी त्याचे कपडे चुलीत घातले. रडून राहिला व्हता, दार वाजलं, दार वाजलं म्हनून."

"मंग तवा काहून असं बोललात, माय?" सरांचा आवाज मला ओळखू येईना.

ती त्यांच्याकडं अशी पाहत राहिली, जणू शाळेतल्या मास्तरानं विचारू नये असा तो प्रश्न होता. "तुमी त्याला फासावर नेलं असतं," ती म्हणाली. "आता त्याला कुनी नेत न्हाई. आता लिवा."

घंटा झाली. मुलं वर्गात पळाली. गयाबाई फाटकातून बाहेर पडेपर्यंत सर तसेच उभे होते, चष्मा डोळ्यांवर घट्ट लावून. मग म्हणाले, "बाई, प्रत्येक बखरकाराला मी विचारत आलो, तुझा धनी कोण. आईला विचारायचं राहिलं."

त्यांच्याच नियमानं आता काही छापता येत नव्हतं. पाहणारा मेला होता. उरलेल्या एका साक्षीदारानं दोन वेळा दोन गोष्टी सांगितल्या होत्या. कोणताही वकील ते हसण्यावारी नेईल, हे सरांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. ज्या शाळेचा पगार ते घेत होते, तिच्या संस्थेवरही नगराध्यक्षच होते, हेही ते विसरले नव्हते. बुधवारचा अंक तपासायला माझ्या हाती आला, तेव्हा पहिल्या पानावर चौकटीत मजकूर होता. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. तो मला आजही शब्दशः आठवतो.

'कोठारात जळून मेलेला चौकीदार सखाराम चोर नव्हता. दार बाहेरून बंद केलेले होते. हे मला किसनने सांगितले, तो खरे सांगत होता, आणि मी त्याला खोटा ठरवले. हुकूम कोणाचा होता हेही त्याने सांगितले होते. ते सिद्ध करण्याची वेळ मी घालवली. सखारामच्या घरच्यांची आणि किसनच्या आईची मी क्षमा मागतो.'

दार आतून वाजलं होतं, हे त्यांनी लिहिलं नव्हतं. मी त्या रिकाम्या जागेकडं पाहिलं आणि मग त्यांच्याकडं. "बराबर आहे," ते म्हणाले, "पण पुरं न्हाई. ठाऊक आहे मला."

तो शेवटचा अंक ठरला. छापखानेवाल्यानं दुसऱ्याच दिवशी हात जोडले. संस्थेनं सरांना शिस्तीच्या कारणावरून कामावरून काढलं. त्यांनी भांडण केलं नाही. घरातली पुस्तकं शाळेला दिली आणि हट्ट्याला परत जायचं ठरवलं. जाण्याआधी त्यांना एक काम करायचं होतं आणि त्यासाठी बरोबर एक बाई हवी होती. मी गेले.

सिद्धेश्वरला आम्ही पोचलो, तेव्हा दुपार कलत होती. धरणाचं पाणी कलत्या उन्हात पत्र्यासारखं लखलखत होतं. काठावर जाळी वाळत घातली होती, त्यांना शेवाळाचा आणि माशांचा ओला वास येत होता. शेवंताबाई एका फाटक्या जाळ्याशी बसून गाठी मारत होती. तिच्या केसांत आता कापूस नव्हता. केसच पांढरे झाले होते. सरांना पाहून ती उठली नाही. नुसती म्हणाली, "आज बुधवार हाय का, गुरुजी?"

बुधवार नव्हता. सरांनी पिशवीतून अंक काढून तिच्या हातात दिला. तिनं तो सवयीनं नाकाशी नेला. शाई केव्हाच वाळली होती. मग तिनं तो परत केला, आणि सर तिच्यासमोर जमिनीवर बसून वाचू लागले. एकदा वाचलं. ती म्हणाली, पुन्हा वाचा. पुन्हा वाचलं. सखारामचं नाव आलं, की ती जाळ्यावर हात ठेवी. वाचून झाल्यावर तिनं पाण्याकडं पाहिलं. दूर कुणीतरी होडीतून जाळं फेकत होतं. ते पाण्यावर पडल्याचा आवाज जरा उशिरानं काठावर यायचा.

"गुरुजी," ती म्हणाली, "दार भाईरून लावलं व्हतं म्हनता. मंग आतून वाजिवलं व्हतं का त्यानं?"

ज्या माणसानं आयुष्यभर शब्दाशब्दाला थांबवून त्याचा धनी विचारला, ज्यानं एका तोंडावर कधी विश्वास ठेवला नाही, तो माणूस त्या बाईसमोर मांडी घालून बसला होता, मांडीवर तो अंक. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं.

"न्हाई माय," ते म्हणाले. "धुरानं झोपेतच गेला. त्याला काही कळलंच न्हाई."

शेवंताबाईनं मान हलवली. तिच्या तोंडावर काहीतरी सैल झालं. "झोप गाढच व्हती त्याची," ती म्हणाली. "पहिल्यापासनं." आणि तिनं पुन्हा गाठ मारायला घेतली.

तिथून आम्ही औंढ्याच्या थांब्यावर आलो; सर इथून हट्ट्याची गाडी धरणार होते आणि मला हिंगोलीला परतायचं होतं. माझी एस.टी. आधी आली. मी खिडकीशी बसले आणि वळून पाहिलं. थांब्यावरच्या बाभळीखाली सर उभे होते, काखेत मिटलेली छत्री. त्यांनी चष्मा काढला होता आणि सदऱ्याच्या टोकानं ते तो पुसत होते, सावकाश. गाडी सुरू झाली. मी हात हलवला. त्यांनी गाडीच्या आवाजाकडं तोंड वळवलं, पण मी त्यांना दिसत नव्हते. वळण येईपर्यंत मी पाहत होते. चष्मा त्यांच्या हातातच होता.